वावळ्याचं बी वावटळीआधी गोळा करा

एप्रिल सरत आला की वावळ्याच्या फळांचे घोस पिवळट-तपकिरी पडू लागतात. बी धरायची वेळ हीच. एकदा वावटळी सुटल्या की पंखवाल्या चकत्या शिवारभर उडतात आणि हाती काही लागत नाही.

वावळा, म्हणजे होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया, हे एल्मच्या कुळातलं आपलं रानझाड. १५ ते २० मीटर सहज वाढतं. साल राखाडी, पान अंडाकृती, कडा सरळ. लहान रोपाच्या पानांना मात्र दाते असतात, तेव्हा वाफ्यातलं रोप तण समजून उपटू नका. शंका आली तर पान चुरगाळून हुंगा, उग्र दर्प लगेच कळतो. जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर बारीक, पाकळ्या नसलेली फुलं येतात. मागोमाग पोपटी फळं एवढी लगडतात की लांबून पालवीच वाटते! फळ गोल, साधारण २.५ सेंमी, पंखावर शिरांची जाळी, टोकाला खाच आणि मधोमध एकच चपटं बी.

हिरवी फळं ओरबाडू नका. सकाळी वारा पडलेला असताना झाडाखाली जुनी साडी अंथरून फांद्या हलवा. प्रत्येक चकती मधोमध चिमटीत दाबून बघा. टणक लागली तर बी भरलेलं, पोकळ लागली तर फेका. हे काम किचकट आहे, पण पोचट बी पेरून वाफा अडवण्यापेक्षा परवडतं.

पंख काढायची गरज नाही. बी फार टिकत नाही, म्हणून पुढच्या साली पेरू असं म्हणून डब्यात भरून ठेवू नका. वाफ्यात पातळ पसरा, जेमतेम झाकेल इतकीच माती लोटा आणि वर वाळलं गवत टाका, नाहीतर वारा बी उडवून नेईल. पाणी बारीक झारीनेच द्या. कोंब दिसताच गवत काढा. रोपं हाताळण्याजोगी झाली की पिशवीत घ्या.

बांधावर लावण्याची घाई नको. रोप चांगलं कंबरेएवढं होऊ द्या, मगच पावसाळ्यात लावा. गुरं-शेळ्या पाला आवडीने खातात, त्यामुळे काटेरी कुंपण हवंच. तोडलेल्या खोडाला पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून जळणासाठी हे झाड मला फार मोलाचं वाटतं. फक्त घराला खेटून लावू नका. याचे परागकण वाऱ्यावर पसरतात आणि दमेकऱ्यांना त्यांचा त्रास होतो.