कयाकने महासागर ओलांडताय? काठाजवळच्या या चुका टाळा

पोलंडचे अलेक्झांडर डोबा यांनी कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, वरून झाकलेल्या नावेतून, तीनदा अटलांटिक ओलांडला. तिसऱ्या वेळी, २०१७ मध्ये, त्यांनी सत्तरी गाठली होती. पण २०१६ चा त्यांचा प्रयत्न न्यूयॉर्कजवळच संपला. सँडी हूकच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांनी कयाक उलटवली. ब्रिटनचे पीटर ब्रे २००० मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून निघाले आणि पहिल्याच रात्री त्यांच्या कयाकमध्ये पाणी भरलं. पुढच्या वर्षी तेच ७६ दिवसांत आयर्लंडला पोचले. सिरिल देरूमो २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईला निघाले. आठवड्याच्या आत तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने त्यांना उचलून आणलं. आणि २००७ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या टास्मान समुद्रात अँड्र्यू मॅकॉली बेपत्ता झाले, तेव्हा न्यूझीलंडचा किनारा शंभर किलोमीटरच्या आत आला होता.

मधला महासागर सोपा असतो असं नाही. पण तयारी करताना सगळं लक्ष त्या मधल्या दोन-तीन महिन्यांकडे जातं आणि पहिला आठवडा, शेवटचा दिवस गृहीत धरले जातात.

दंडांच्या भरवशावर मार्ग आखणं

महासागर पार करवतात वारा आणि प्रवाह. वल्ह्याने दिशा राखायची आणि वेगात थोडी भर घालायची. कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे जाताना ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी असतात. १९५६ मध्ये हान्नेस लिंडेमान यांची घडीची कयाक याच वाऱ्यांवर, छोटं शीड लावून ७२ दिवसांत पलीकडे गेली. या मार्गावर जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम टाळायचाच.

आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर सराव करणाऱ्यांची एक खास फसगत होते. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा बाहेर नेतो, दुपारी खारा वारा घरी आणून सोडतो. त्यामुळे परत येणं आपल्या हातात आहे, असं वाटू लागतं. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर ही परतीची सोय नाही. जेम्स कॅस्ट्रिशन आणि जस्टिन जोन्स २००७-०८ मध्ये टास्मान ओलांडत असताना प्रवाहाने त्यांना गोल फिरवलं. सुमारे २२०० किलोमीटरच्या सरळ अंतरासाठी ३३०० किलोमीटरहून जास्त प्रवास झाला. प्रवाह उलटा लागला की त्याच्याशी झुंजू नका. आडवं वल्हवत त्याच्या पट्ट्यातून बाहेर पडा.

सी-अँकर पहिल्यांदा वादळातच उघडणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सी-अँकर म्हणजे पाण्याखाली उघडणारी छत्री. ती दोराने नाळेला, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकाला, बांधली की कयाकचं तोंड लाटांकडे राहतं आणि आत झोपता येतं. देरूमो यांच्या पहिल्या प्रयत्नात घोळ झाला तो इथेच. दुसऱ्या वर्षी ते ९१ दिवसांत हवाईतल्या हिलोला पोचले.

कयाक लाटांना आडवी होत असेल तर दोर सुकाणूत अडकलाय का किंवा छत्री मिटलीय का, हे आधी पाहा. सुकाणू छत्री टाकण्यापूर्वीच वर उचलून ठेवायचं, कारण कयाक मागे सरकू लागली की पाणी ते मोडू शकतं. खाडकन हिसके बसत असतील तर दोर आणखी सोडा. कयाक आणि छत्री दोन्ही एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर यायला हव्यात. दोराला पीळ बसत असेल तर दोर आणि छत्रीच्या मधली फिरती कडी नाही किंवा ती गंजली आहे. दोर जिथे कयाकला घासतो तिथे रबरी नळीचा तुकडा चढवा आणि तो रोज तपासा. आणि वारा तुमच्याच दिशेने वाहत असेल तर छत्री टाकून मिळणारी वाट घालवू नका.

उलटल्यावर सरळ होईलच, असं धरून चालणं

कयाक आपोआप सरळ होते ती वजन तळाशी आणि केबिन बंद असेल तरच. उकाड्याने झाकण किलकिलं ठेवलं की हा हिशेब फसतो. पिण्याच्या पाण्याचे कॅन तळाला भार म्हणून ठेवले असतील, तर ते रिकामे होतील तसे समुद्राच्या पाण्याने भरत जा, आणि त्यांच्यावर खूण करा. पूर्ण लादलेली कयाक बंदरात मुद्दाम उलटवून पाहा. आणि कमरेचा पट्टा कयाकला अडकवलेलाच हवा, शांत समुद्रातसुद्धा. वाऱ्यावर वाहत जाणारी रिकामी कयाक पोहून गाठता येत नाही.

पाणी, कातडी, खाणं

खारं पाणी गोडं करणारं यंत्र बंदरात चालवू नका; तेलाने त्यातला पडदा कायमचा बिघडतो. धार बारीक झाली तर आधी गाळणी धुवा. पंपात हवा येत असेल तर नळीचं तोंड आणखी खाली सोडा. विजेच्या यंत्रासोबत हातपंप हवाच.

कपड्यात वाळलेलं मीठ कातडी सोलतं. डोबा तर बराच काळ विवस्त्रच वल्हवत. तेवढं धाडस नसेल तर रोज संध्याकाळी कपभर गोड्या पाण्याने जांघा आणि बगला पुसा, कोरड्या करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

खाणं अंदाजापेक्षा बरंच जास्त न्या. १९८७ मध्ये एड जिलेट कॅलिफोर्नियाहून ६३ दिवसांनी हवाईतल्या माउई बेटावर पोचले, तेव्हा शिधा संपून त्यांनी टूथपेस्टसुद्धा खाल्ली होती.

किनारा दिसला की घाई करणं

रात्री दिवे दिसले म्हणून आत शिरू नका. खोल पाण्यातच थांबा, उजाडू द्या आणि लाटा कुठे फुटतात ते पाहा. मोकळ्या पुळणीपेक्षा बंदराचं तोंड बरं. दोन-तीन महिने बसून राहिलेल्या पायांवर लगेच उभं राहता येत नाही, म्हणून काठावर कयाक धरायला एक आणि तुम्हाला धरायला एक अशी दोन माणसं आधीच ठरवून ठेवा.