दोन-तीन देशांची पायलट लायसन्स सांभाळताय? या चुका टाळा

नोकरीसाठी अमेरिकेला गेले, तिथे प्रायव्हेट पायलट झाले, पुण्याला परतल्यावर डीजीसीएचं (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) लायसन्सही काढलं आणि आता सुट्टीच्या दिवशी बारामतीला उडतात, असे हौशी वैमानिक आपल्याकडे आहेत. एखाद्याकडे युरोपचंही लायसन्स असतं. ही मंडळी विमान उत्तम चालवतात. अडतात ती तारखांवर आणि सह्यांवर.

सगळ्यात जास्त दिसणारा गैरसमज म्हणजे ‘अमेरिकेचं लायसन्स कधी संपत नाही’. कार्ड संपत नाही हे खरं, पण दर 24 महिन्यांत फ्लाइट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरबरोबरची उजळणी) झाला नसेल तर त्या कार्डावर पायलट इन कमांड (विमानाचा जबाबदार मुख्य वैमानिक) म्हणून उडता येत नाही. हे महिने कॅलेंडरचे असतात: 10 मार्च 2024 चा रिव्ह्यू 31 मार्च 2026 पर्यंत चालतो. रिव्ह्यूवर सही एफएएचं (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं) सर्टिफिकेट असलेल्या इन्स्ट्रक्टरचीच लागते. बारामतीचे सर कितीही मुरलेले असले, तरी ते सर्टिफिकेट नसेल तर त्यांची सही तिथे धरत नाहीत. डीजीसीएच्या लायसन्सच्या आधारावर अमेरिकेचं कार्ड मिळालं असेल तर आणखी जपा. मूळ भारतीय लायसन्सची मुदत गेली की तेही निकामी.

पुण्याला परतल्यावर पत्ता बदलतो, आणि इथे अनेकजण गाफील राहतात. नवा पत्ता 30 दिवसांत एफएएला कळवला नाही, तर कळवेपर्यंत उडायचा हक्क थांबतो. शिवाय अमेरिकेत राहता पत्ता नसलेल्या जुन्या लायसन्सधारकांनाही 7 जुलै 2025 पासून कागदपत्रं स्वीकारणारा अमेरिकेतला प्रतिनिधी नेमून त्याची नोंद करावी लागते. तिकडे भाऊ-बहीण किंवा जुना मित्र असेल तर त्याच्याशी आजच बोला.

युरोपचा हिशोब निराळा. एक इंजिनाच्या पिस्टन विमानाचं रेटिंग (म्हणजे त्या वर्गाचं विमान चालवायची लायसन्सवरची परवानगी) दोन वर्षं टिकतं. अनुभवावर वाढवायचं तर मुदत संपण्याआधीच्या 12 महिन्यांत 12 तास, त्यातले 6 पायलट इन कमांड म्हणून, 12 टेकऑफ, 12 लँडिंग आणि इन्स्ट्रक्टरबरोबर किमान एक तास लागतो. पहिल्या वर्षी भरपूर उडून ठेवलं तरी ते इथे मोजत नाहीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसात जातात, म्हणून तास आधीच उरकून ठेवा. रेटिंगची तारीख उलटली तर परीक्षकासमोर प्रोफिशियन्सी चेक (कौशल्याची परीक्षा) द्यावाच लागतो.

आणि या तासांच्या बेरजेतच खरी गोम आहे. अमेरिकेत रेटिंग असलेला वैमानिक इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाही, कंट्रोल स्वतःच्या हातात असतील तर तो वेळ पायलट इन कमांडच्या रकान्यात लिहू शकतो. युरोपात तेच उड्डाण ‘ड्युअल’, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबरचं शिकण्याचं. कॅलिफोर्नियातले 1.4 तास तिथल्या लॉगबुकात दोन्ही रकान्यांत शोभतात, पण युरोपच्या त्या 6 तासांत धरले की बेरीज फसते. तारखेचंही तसंच. 05/08/24 म्हणजे अमेरिकेत 8 मे, आपल्याकडे 5 ऑगस्ट. प्रवासी नेण्यासाठी मागच्या 90 दिवसांतले तीन टेकऑफ-लँडिंग मोजताना हा घोळ थेट अंगाशी येतो. महिना अक्षरांत लिहा, आणि वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). पुण्याच्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे.

मेडिकलचं थोडक्यात: डीजीसीएचं क्लास टू मेडिकल एफएएच्या स्वतंत्र लायसन्सला चालत नाही. तिथलं थर्ड क्लास मेडिकल तपासणीच्या दिवशी वय चाळिशीच्या आत असेल तर 60 महिने, नाहीतर 24 महिने टिकतं.

मुदत उलटून गेलीच असेल तर प्रत्येक लायसन्ससाठी वेगळं पान घ्या: मेडिकल, रिव्ह्यू किंवा रेटिंगची तारीख, 90 दिवसांचा हिशोब आणि सही कोणाची लागेल. मग ज्या नोंदणीचं विमान पुढच्या सहलीत चालवणार, त्याच पानापासून सुरुवात करा. अमेरिकेत एन-नोंदणीचं (म्हणजे तिथेच नोंदलेलं) विमान भाड्याने घेणार असाल, तर तिकीट काढण्याआधी तिथल्या इन्स्ट्रक्टरची वेळ ठरवा. रिव्ह्यूला किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत जातो.