ऑफिस आणि घरच्यांसाठी अ‍ॅडव्हेंचर बाईक घेताय? या चुका टाळा

दर दिवाळीच्या आधी कुणी ना कुणी मला विचारतंच, "ऑफिसलाही चालेल आणि रविवारी बायकोला घेऊन फिरताही येईल अशी अ‍ॅडव्हेंचर बाईक सांग." म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी उंच गाडी. मी काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न येतो, पॉवर किती? पुण्यात सिंहगड रोडवरून हिंजवडीला जाणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो. तिथे पॉवरवाचून काही अडत नाही. अडतं ते गाडी थांबवताना, वळवताना, सोसायटीच्या पार्किंगमधून मागे ओढताना. आणि नेमकं हेच टेस्ट राइडला कुणी करून बघत नाही.

एकट्याने टेस्ट राइड घेणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि मी स्वतः केलेली. माझी उंची पाच फूट सहा इंच. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटं चालवली, चवडे टेकत होते, गाडी मनात भरली, बुकिंग केलं. दुसऱ्याच रविवारी बायकोला घेऊन पानशेत रस्त्याला निघालो. कणसाच्या गाडीपाशी थांबायचं म्हणून डावीकडे घेतलं. डांबर संपतं तिथून साईडपट्टी चार बोटं खचलेली होती, पण वर गवत असल्याने ते दिसलं नाही. मी ब्रेक दाबून डावा पाय खाली सोडला, तर खाली जमीनच लागेना. त्याच क्षणी बायको उतरायला लागली होती, तीही डाव्याच बाजूने. गाडी आणि आम्ही मिळून तीनशे किलोच्या वर. एवढं वजन एकदा कललं की हातांनी सावरता येत नाही. दोघंही पडलो, जागच्या जागी. मला नुसतं खरचटलं, पण तिच्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं.

रस्ता खराब होता हे खरं. पण आपल्याकडच्या साईडपट्ट्या अशाच असतात हे मला आयुष्यभर ठाऊक होतं, आणि गाडी निवडताना मी ते धरलंच नव्हतं.

सीटची उंची आधी कागदावर बघा. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयन ४११ ची ८०० मिलिमीटर, हिमालयन ४५० ची ८२५, सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५, केटीएमच्या २०२० साली आलेल्या ३९० अ‍ॅडव्हेंचरची ८५५. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही साधी घेतली तर ८२५ आणि प्रो घेतली तर थेट ८९१. आकडा मात्र अर्धीच गोष्ट सांगतो. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढाच कमी पोचतो. वजनाचंही तसंच. साधी एक्सपल्स १६० किलोच्या आत आहे, हिमालयन ४५० जवळपास १९६ किलो. चालत्या गाडीवर हा फरक फार जाणवत नाही. मागे माणूस बसलेलं असताना चढावर थांबा, मग कळेल.

म्हणून मागे जे बसणार आहे त्याला घेऊनच शोरूमला जा. नेहमीच्या कपड्यांत, तीन वेळा चढायला-उतरायला लावा. मग मागे बसवून यू-टर्न घ्या, गाडी पायांनी दहा फूट मागे न्या, उतारावर थांबवा. सेल्समन घाई करेल, तुम्ही करू नका. घरी आमचा एकच नियम आहे. मी दोन्ही पाय टेकून, पुढचा ब्रेक धरून "उतर" म्हटल्याशिवाय मागच्याने हलायचं नाही. आणि थांबायच्या आधी माझी नजर डावीकडच्या जमिनीवर जाते, आता सवयच झाली आहे.

उंच गाडी आवडली म्हणून घ्यायची आणि मग बुटकी करून घ्यायची, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. मागच्या सस्पेन्शनची लिंक (जोडपट्टी) बदलून गाडी खाली आणली की साईड स्टँड तेवढाच लांब राहतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि शेजारच्या स्कूटरचा धक्का लागला तरी उजवीकडे आडवी होते. शिवाय ज्या ग्राउंड क्लिअरन्ससाठी, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेसाठी, जादा पैसे मोजले तोच कमी होतो. सीटचा फोम कापला तर शंभर किलोमीटरनंतर बसवत नाही. कंपनीचीच लो सीट मिळत असेल तर ती लावा. हिमालयन ४५० ला ती आहे, ८०५ मिलिमीटरपर्यंत खाली येते. नसेल तर मुकाट्याने कमी उंचीची गाडी घ्या.

घरात चौघं आणि गाडी दोघांची

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे चालकाच्या मागे एकच माणूस बसू शकतं, आणि मूलही माणूसच. तरी टाकीवर मूल, मागे बायको अशी गाडी मला दर रविवारी मुळशी रस्त्यावर दिसते आणि पोटात गोळा येतो. ब्रेक जोरात लागला तर त्या मुलाच्या छातीसमोर हँडल असतं आणि पाठीवर तुमचं सगळं वजन. चार वर्षांखालचं मूल न्यायचं तर चालकाला बांधलेला पट्ट्यांचा हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा, हे २०२३ पासून बंधनकारक आहे. घरात तिघं-चौघं असाल तर ही गाडी स्वतःसाठी घेतोय असं घरी सरळ सांगा.

पॅनिअरचा (बाजूला लावायच्या सामानपेट्यांचा) सांगाडा बसवायला साडी गार्ड काढून ठेवू नका. ओढणी चाकात जायला एक सेकंद पुरतो.

ट्यूबच्या चाकांचा विचारच न करणं

तारांची चाकं दगडांवर मार खातात आणि टिकतात, हे मान्य. पण बहुतेक तारांच्या चाकांत ट्यूब असते. जुलैत मुलीला मागे घेऊन ताम्हिणीत होतो. मागचं चाक पंक्चर झालं. गाडीला डबल स्टँड नाही, माझ्याकडे ट्यूब नाही, पाने होते ते अपुरे. एका टेम्पोवाल्या दादांनी जॅक दिला, चाक काढायला मदत केली आणि ते टेम्पोत टाकून मला पौडपर्यंत नेलं. पोरगी तेवढा वेळ चहाच्या टपरीवर त्या मावशींच्या भरवशावर बसून होती. परत येऊन चाक बसवेपर्यंत साडेतीन तास गेले. ट्यूबलेसमध्ये हेच काम चाक न काढता, भोकात रबरी वात भरून पंधरा मिनिटांत होतं.

ऑफिस आणि घरच्या फेऱ्यांसाठी माझं मत स्वच्छ आहे, अलॉयची (तारांऐवजी एकसंध धातूची) ट्यूबलेस चाकं घ्या. व्ही-स्ट्रॉम एसएक्सला ती आहेत. हिमालयन ४५० ला तारांची ट्यूबलेस चाकंही मिळतात. ट्यूबचीच गाडी आवडली असेल तर पुढच्या चाकाची एक ट्यूब जवळ ठेवा, अडचणीत ती मागेही चालवून घेता येते. आणि चाक काढून बसवायचं काम एकदा घरच्या पार्किंगमध्ये स्वतः करा. नव्या मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना आधी लाइट बार लावायचे असतात.

बाकीच्या चुका

हायवेला लागेल म्हणून मोठं इंजिन घेणं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, तिन्हीकडे दुचाकींना बंदी आहे. लोणावळ्याला जुन्या हायवेनेच जायचंय, त्याला २००-२५० सीसी पुरते.

३५० सीसीची रेघ न बघणं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंत १८ टक्के जीएसटी, त्याच्यावर ४० टक्के. २०२२ च्या दरांत थर्ड पार्टी विमाही वर्षाला १,३६६ वरून २,८०४ रुपयांवर जातो.

दिसायला भारी म्हणून खडबडीत ऑफरोड टायर चढवणं. पावसात सिमेंटच्या रस्त्यावर ते घसरतात.

पहिल्याच आठवड्यात टॉप बॉक्स (सीटमागची सामानपेटी) भरून टाकणं. जड सामान मागच्या चाकाच्याही मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि मागच्या माणसाला पाय टाकून बसताही येत नाही.

आणि प्रीलोडला, म्हणजे मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगच्या ताणाला, कधी हातच न लावणं. मागे माणूस बसलं की मागचा शॉकअप दबतो, खड्ड्यात तळाला आपटतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टूलकिटमधला वाकडा पाना त्यासाठीच दिलेला असतो. माझ्या गाडीला एकट्यासाठी तिसरी खाच, दोघांसाठी पाचवी. रविवारी सकाळी चहा उकळेपर्यंत ते होतं, आणि तेवढ्यात टायरची हवाही बघून होते.