शेतावरच्या टीमचं काम मोबाईलवर कसं आणावं

शेती व्यवसायात व्यवस्थापक एका जागी असतो आणि काम दहा ठिकाणी चाललेलं असतं. कोणत्या प्लॉटवर फवारणी झाली, ठिबकची नळी कुठे फुटली, कोणती पाहणी राहिली, हे संध्याकाळी फोन करकरून विचारावं लागतं. मग कोणीतरी ॲप सुचवतं. दोन आठवडे सगळे मन लावून माहिती भरतात. तिसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा फोनवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते.

दोष बहुतेक वेळा ॲपचा नसतो. आपण भरलेली माहिती कोणी वाचत नाही, हे उन्हात उभं राहून ती भरणाऱ्या माणसाच्या फार लवकर लक्षात येतं. म्हणून ॲप शोधण्याआधी एवढं ठरवा: ही नोंद कोण वाचणार, आणि वाचून काय करणार?

पायरी १ : आधी निर्णय लिहून काढा

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात तुम्ही रोज किंवा दर आठवड्याला घेता तो निर्णय, दुसऱ्यात त्यासाठी लागणारी माहिती, तिसऱ्यात ती किती वाजेपर्यंत हातात हवी ते. उद्या काढणीला किती माणसं लावायची, हे ठरवायला कोणत्या प्लॉटवर किती माल तयार आहे ते आज दुपारपर्यंत कळायला हवं. फवारणी करायची की थांबायचं, हे ठरवायला कामगंध सापळ्यांत (वासाने किडीचे पतंग ओढून पकडणाऱ्या सापळ्यांत) किती पतंग सापडले ते हवं, आणि तेही गेल्या पाहणीच्या आकड्याशेजारी मांडलेलं.

ज्या माहितीपुढे कोणताच निर्णय लिहिता येत नाही, ती विचारूच नका. सुरुवातीला चार-पाच निर्णय पुरेत.

पायरी २ : प्रत्येक प्लॉटला कायमचा कोड द्या

हे काम कंटाळवाणं आहे, पण बाकी सगळं यावरच उभं राहतं. ‘वरचं रान’, ‘विहिरीजवळचा तुकडा’ ही नावं बोलायला ठीक आहेत. नोंदीत मात्र एकाच जागेची चार नावं होतात आणि हंगामाचा हिशेब लागत नाही. शेतकऱ्याच्या नावावरही विसंबू नका, एका नावाची दोन माणसं सहज निघतात.

कोडची सुरुवात अक्षराने करा आणि आकडे दोन अंकी ठेवा, म्हणजे ‘क-०४’ असं. नुसतं ‘०४’ लिहिलं तर एक्सेलसारखी स्प्रेडशीट पुढचं शून्य गिळून टाकते, आणि ‘क-४’ लिहिलं तर क्रम लावताना ‘क-१०’ त्याच्या आधी येतो. शक्य असेल तिथे कोडची क्यूआर पाटी प्लॉटच्या तोंडाशी लावा. क्यूआर तयार करताना चूक-दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडली, तर कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. धूळ आणि पाऊस खाणाऱ्या पाटीला याची गरज असते.

पायरी ३ : रेंज नसताना चालेल असं साधन घ्या

शेतात नेटवर्क मिळेलच असं नाही. त्यामुळे निवडीची पहिली कसोटी हीच: फोन एअरप्लेन मोडवर टाका, फॉर्म भरा, सेव्ह करा, ॲप बंद करून पुन्हा उघडा. नोंद जागेवर असली पाहिजे आणि रेंजमध्ये आल्यावर ती आपोआप वर गेली पाहिजे. गूगल फॉर्म तयार करायला सोपा आहे, पण तो इंटरनेटशिवाय चालत नाही, त्यामुळे शेतापेक्षा गोदामात जास्त उपयोगी पडतो.

ऑफलाइन फॉर्मसाठी ओडीके आणि त्याच्याच पायावर उभं राहिलेलं कोबोटूलबॉक्स ही पारखलेली साधनं आहेत. ओडीकेची सुरुवात २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात झाली. दोन्हींचे फॉर्म साध्या स्प्रेडशीटमध्ये लिहिता येतात, त्यामुळे एखादा प्रश्न बदलायला प्रोग्रॅमर शोधावा लागत नाही. टीम मोठी असेल आणि कामाचं वाटप, हजेरी, साठा असं सगळं एकत्र हवं असेल, तर विकतचं सॉफ्टवेअर घ्या. पण घेण्याआधी एक गोष्ट लेखी विचारा: आमची सगळी माहिती आम्हाला हवी तेव्हा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये (कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) बाहेर काढता येईल का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरं पाहा.

व्हॉट्सॲप बंद करायची गरज नाही. बोलणं तिथे राहू द्या, नोंद मात्र फॉर्ममध्येच. ग्रुपवर आलेला फोटो दोन दिवसांनी शोधूनही सापडत नाही.

पायरी ४ : फॉर्म बनवा आणि निम्मा करा

चांगला फॉर्म भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. टाईप करायला लागेल असे प्रश्न कमीत कमी ठेवा, बाकी यादीतून निवडायचे. पर्यायांत टीमच्या तोंडी असलेले शब्द घाला. माणसं ‘करपा’ म्हणत असतील तर यादीतही ‘करपा’च हवा, आणि शेजारी फोटो असेल तर उत्तमच. एका उत्तरावरून पुढचे प्रश्न उघडावेत: ‘कीड दिसली नाही’ म्हटलं की किडीचे सहा प्रश्न दिसायलाच नकोत.

फवारणीच्या फॉर्मवर वेळ घालवा, कारण तिथली चूक थेट खाणाऱ्याच्या ताटापर्यंत जाते. प्लॉट, पीक, औषध, मात्रा, पाण्याचं प्रमाण, फवारणाऱ्याचं नाव आणि वेळ एवढं हवंच. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते दिलेलं असतं. हे अंतर एकाच औषधासाठी पिकागणिक वेगळं असू शकतं, म्हणून यादी पीक आणि औषध अशा जोडीने बनवा. मग फॉर्म स्वतः बेरीज करून दाखवू शकतो: या प्लॉटवर अमुक तारखेआधी काढणी नको. लेबलपेक्षा जास्त मात्रा लिहिली तर फॉर्म ती नाकारेल, अशी अटही घालता येते. काढणीची माणसं ठरवणाऱ्याच्या यादीत ही तारीख रोज दिसली पाहिजे. माझ्या मते एवढं एकच काम नीट झालं तरी सगळा खटाटोप सार्थकी लागतो.

औषध लागलेल्या हातमोज्यांनी फोन हाताळायचा नाही, हेही इथेच सांगून टाका. नोंद हात धुतल्यावर करायची.

फोटो मागत असाल तर त्यांचा आकार फॉर्ममध्येच मर्यादित करा. नाहीतर कमकुवत नेटवर्कवर रात्रभर अपलोड चालू राहतं. फॉर्म कधी उघडला आणि कधी संपवला ही वेळ पडद्यामागे नोंदवता येते. संध्याकाळी सात वाजता एकापाठोपाठ दहा पाहण्या भरलेल्या दिसल्या, तर त्या शेतात उभं राहून भरलेल्या नाहीत हे कळतं. तेव्हा माणसाला दटावण्याआधी त्याची अडचण विचारा. कधी उन्हात स्क्रीन दिसत नसते, कधी दुपारपर्यंत बॅटरी संपलेली असते. पॉवर बँक दिल्यावर प्रश्न मिटल्याचं पुष्कळदा दिसतं.

पायरी ५ : जीपीएसवर बेताने विश्वास ठेवा

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. दाट झाडीखाली चूक वाढते. म्हणून बांधावर उभं राहून लोकेशन घेतलं तर नोंद शेजारच्या प्लॉटवर पडू शकते. प्लॉटच्या मधोमध जाऊन, ॲप चुकीचा अंदाज मीटरमध्ये दाखवतं तो आकडा खाली येईपर्यंत थोडं थांबून लोकेशन घ्यायला शिकवा. हद्दीवरून चालून क्षेत्रफळ मोजतानाही हे ध्यानात ठेवा. २० मीटर रुंदीच्या पट्ट्यात एक लांब बाजू ५ मीटर सरकली, तर क्षेत्रफळ २५ टक्क्यांनी चुकतं. अशा पट्ट्यांना टेपच बरी.

माणसाचं लोकेशन हा आणखी नाजूक विषय आहे. फॉर्म भरताना जागेची नोंद होणं रास्त आहे. दिवसभर पाळत ठेवणं मात्र मला पटत नाही. त्याने विश्वास जातो, आणि विश्वास गेला की नोंदीही खोट्या होत जातात. फोनमध्ये लोकेशनची परवानगी ‘फक्त ॲप वापरताना’ अशी ठेवा. कोणती माहिती घेतो, ती कोण पाहतो आणि ती किती दिवस ठेवतो, हे टीमला समोर बसवून सांगा.

पायरी ६ : तीन माणसांपासून सुरुवात

सगळ्यांना एकाच दिवशी फोन देऊ नका. दोन आठवडे तिघांनी कागद आणि फोन दोन्ही वापरावं. या तिघांत फोनमध्ये तरबेज असलेला तरुण घ्या, तसाच ज्याचा शब्द टीममध्ये मानला जातो असा जुना माणूसही घ्या. त्याला जो प्रश्न समजला नाही, तो प्रश्नच चुकीचा लिहिलेला आहे असं धरा. प्रशिक्षण कार्यालयात नको, प्लॉटवर उभं राहून द्या.

पायरी ७ : संध्याकाळी वाचा आणि उत्तर द्या

रोज एक वेळ ठरवा, वीस मिनिटं पुरतात. आलेल्या नोंदी नकाशावर किंवा यादीत पाहा, कोणता प्लॉट राहिला ते बघा आणि ज्याने अडचण कळवली त्याला त्याच दिवशी उत्तर द्या. ‘क-०४ ची नळी उद्या सकाळी बदलतो, तुमची नोंद पाहिली’ एवढा निरोप पुरेसा असतो. प्रत्येक अडचणीपुढे जबाबदार माणूस, मुदत आणि ‘झालं’ असे तीन रकाने ठेवा. काम झालं की ते कळवणाऱ्यालाही दिसू द्या. व्यवस्थापक रजेवर असेल त्या दिवशी हे कोणी करायचं, तेही आधीच ठरलेलं असावं.

महिन्यातून एकदा सगळी माहिती उतरवून वेगळ्या जागी ठेवा आणि काम सोडून गेलेल्यांची लॉगिन बंद करा. हंगाम संपला की टीमसोबत फॉर्म उघडून बसा. एकेका प्रश्नावर बोट ठेवून विचारा, याच्या उत्तरावरून या हंगामात आपण काय केलं? काहीच केलं नसेल तर तो प्रश्न काढून टाका. नवीन प्रश्न त्यानंतरच घाला.