शेतातली चोरी: हात जोडून सांगतो, या चुका टाळा

दर उन्हाळ्यात तेच. सकाळी सकाळी फोन येतो, "भाऊ, रात्री विहिरीवरची मोटर नेली हो, आता काय करू?" मी पहिलं विचारतो की मोटरीचा नंबर लिहून ठेवलाय का, की पलीकडे सगळं गप्प.

सगळ्यात मोठी चूक ही. माझं स्वतःचं सांगतो. पाच एचपीची मोटर आणि केबल एका रात्रीत गेली, शेजारच्या वस्तीवरची पण त्याच रात्री गेली. केबल तर दोनशे पावलांवर ओढ्यात नेऊन जाळली होती, जमिनीवर काळा डाग, वितळलेल्या प्लास्टिकचे गोळे आणि आतलं तांबं गायब. मी काय केलं, कांद्याला पाणी द्यायचंय म्हणून त्याच दुपारी उसनवारी करून दुसरी मोटर सोडली, केबलची कापलेली टोकं फेकून दिली आणि ठाण्यात नुसता अर्ज देऊन घरी आलो. पंचनाम्याला काही उरलंच नाही. दोन-अडीच महिन्यांनी टोळी सापडली, आम्हाला ओळख पटवायला बोलावलं. आवारात पंधरा-वीस मोटरी ओळीने ठेवलेल्या, नेमप्लेटा उचकटलेल्या, वरून काळा रंग मारलेला. माझी मला दिसत होती, तळाला चीर गेलेली. "तुमचीच कशावरून?" या प्रश्नाला माझ्याकडे बिल नाही, नंबर नाही, साधा फोटो नाही. शेजाऱ्याने मात्र बॉडीवर लोखंडी पंचने, म्हणजे अक्षरं ठोकायच्या खिळ्यांनी, नाव ठोकून घेतलं होतं, रंगावरून बोट फिरवलं की अक्षरं हाताला लागत होती. त्याची सुटली, माझी तिथेच राहिली.

तेव्हापासून माझ्याकडे नवी वस्तू आली की विहिरीत सोडायच्या आधी नेमप्लेटचा फोटो, बिलाचा फोटो, दोन्ही बायकोच्या फोनवर पण पाठवतो, आणि पंचने दोन ठिकाणी नाव, एक वर आणि एक तळाला. वेळ किती लागतो, अर्धा तास. पण नवीन पोरांना तेवढाही दम नसतो, दुकानातून थेट विहिरीवर.

आणि अर्ज म्हणजे एफआयआर नाही हे एकदा डोक्यात पक्कं करा. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मिळाला म्हणून खूश होऊन परत येऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीला कलम ३०३, मुद्दाम नासधूस केली तर ३२४, म्हणजे आपण ज्याला आगळीक म्हणतो ते. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. नोंदवूनच घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवायची सोय कायद्यात आहे. सरकारी योजनेतल्या सौर पंपाला विमा असतो, पण पॅनल चोरीला गेलं की एफआयआरशिवाय क्लेमच्या मागे लागून उपयोग नाही. प्रत्येक पॅनलच्या मागे नंबर असतो तोही आत्ताच टिपा.

दुसरी चूक लिहिताना माझा हात थरथरतो. कुंपणाच्या तारेत घरची लाईट सोडणे. आमच्याकडे एकाने डाळिंब चोरीला जातं म्हणून रात्री आकडा टाकून तार जिवंत केली, पहाटे दव पडलेलं, आणि त्याचाच बैल दावं तोडून बांधावर गेला. आम्ही पोचलो तेव्हा बैल तारेला चिकटलेला आणि म्हातारी त्याला सोडवायला धावत होती, पोराने तिला कमरेला धरून मागे ओढलं म्हणून वाचली. बैलाच्या जागी रात्रपाळीची लाईट आली म्हणून मोटर चालू करायला निघालेला कोणीही असू शकला असता. माणूस गेला तर चोर राहतो बाजूला आणि तुरुंगात तुम्ही जाता. करायचंच असेल तर बारा व्होल्ट बॅटरीवरचं झटका मशीन घ्या, ते थांबून थांबून झटका देतं, धरून ठेवत नाही. वर पाटी लावा.

तिसरं, अनोळखी माणूस दिसला की चोर चोर करून ग्रुपवर फोटो टाकायचा. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं, डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. पालावरचा माणूस दिसला की संशय घ्यायचा ही आपली जुनी खोड आहे, ती सोडा. ११२ लावा, गाडीचा नंबर लिहा, हात उचलू नका.

बाकीचं पटकन सांगतो. तिरुपतीला निघालो असा स्टेटस टाकू नका, परत आल्यावर टाका. खांबापासून स्टार्टरपर्यंत तांब्याची केबल कशाला, ॲल्युमिनियमची जाड घ्या, चोराला तिच्यात रस कमी. सिमवाला कॅमेरा हाताला येईल इतका खाली लावू नका, नाहीतर आधी तोच जातो, आणि त्याचं तोंड मोटरीकडे नको, वाटेकडे करा, गाडी दिसली पाहिजे. गड्याला ठेवताना आधारची झेरॉक्स घ्या. डीपीतलं, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरमधलं, तेल किंवा तांबं गेलं तर वायरमनला त्याच दिवशी कळवा, उघड्या डीपीला स्वतः हात लावू नका.

आणि ज्यांच्या कांदा चाळीत कोणी युरिया टाकला किंवा उभ्या पिकावर तणनाशक मारलं, त्यांनी रागाच्या भरात सगळं उपसून उकिरड्यावर टाकू नका. आधी फोटो, मग पोलीस आणि सहायक कृषी अधिकारी (आधीचे कृषी सहायक) दोघांनाही बोलवा, पंचनामा होईपर्यंत त्यावर दुसरं काही फवारू नका, आणि वरचे चार ओले कांदे किंवा वाकडी झालेली पानं त्यांच्यासमोरच पिशवीत बांधून वर तारीख घाला.