गाडी पार्किंगमधल्या सॉकेटला लावायच्या आधी

१६ अँपियरचं सॉकेट दिसलं की लगेच इलेक्ट्रिक कार लावू नका, कारण गाडी तासन्‌तास ३ किलोवॉटच्या आसपास लोड खेचते, गिझरसारखी १५ मिनिटांत बंद होत नाही. नाशिकला सिडकोतल्या आमच्या जुन्या घरात सॉकेट उघडलं तर आत दीड स्क्वेअर एमएमची बारीक वायर, आणि अर्थिंगची हिरवी वायर नुसतीच लोंबकळत होती! वायरमनकडून मेन बोर्डापासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त लोड आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळला, शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारा स्विच) टाकून घ्याच, आणि अर्थिंग त्याच्याकडून मीटर लावून तपासून घ्या. पहिल्यांदा अर्ध्या तासाने चार्जिंग थांबवून प्लगला हात लावून बघा, चांगलाच गरम लागला तर तिथे परत लावू नका. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबातच नको.