सहकारी आणि लहान मुलांसह लोहगड : एका दिवसाचे नियोजन

ऑफिसातील सहकाऱ्यांबरोबर गडावर जायचे असेल आणि सोबत चार-पाच वर्षांची मुले असतील, तर मावळातील लोहगड ही निवड सहसा चुकत नाही. लोहगडवाडीपर्यंत गाडीरस्ता असून तेथून वर दगडी पायऱ्या आहेत. त्यामुळे वाट चुकण्याची भीती नसते आणि एखादे मूल मध्येच अडून बसले, तर एका मोठ्या माणसाला त्याला घेऊन खाली परतता येते. मळवली स्थानकापासून भाजे गावातून गायमुख खिंडीत चढणारी पायवाट सुंदर आहे, पण तिथेच मुलांची निम्मी शक्ती संपते. म्हणून लोकलने येणाऱ्यांनीही मळवलीपासून लोहगडवाडीपर्यंत वाहन आधीच ठरवून ठेवावे.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यातले फोटो पाहून कोणीतरी जुलैचा आग्रह धरतोच. परंतु शेवाळलेल्या पायऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी दरवाजांमध्ये होणारी कोंडी लक्षात घेता मुलांसह त्या दिवसांत जाऊ नये.

सर्वांत महत्त्वाची तयारी कागदावरची आहे. प्रत्येक मुलासाठी एका मोठ्या माणसाचे नाव आदल्या दिवशीच लिहून सर्वांना कळवावे, कारण मोठ्या गटात प्रत्येक जण दुसऱ्याचे लक्ष असेल असे धरून चालतो आणि मूल तेवढ्यात तटाकडे पोहोचते. दोन मुले असलेल्या आईवडिलांना मदतीला एखादा सहकारी द्यावा, मात्र त्याला आधी विचारून; तो पदाने कनिष्ठ आहे म्हणून मूल त्याच्या गळ्यात घालणे योग्य नव्हे. गडावर साहेबांनाही हाच नियम लागू असावा, आणि ते वेगाने चालतात म्हणून सगळ्यांनी धावू नये.

चालताना एक अनुभवी माणूस पुढे आणि एक सर्वांत मागे ठेवावा. पुढच्याला कोणी ओलांडायचे नाही आणि मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही, एवढे पाळले की पुरते. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे थांब्यांसाठी जणू बांधून ठेवलेलेच आहेत. प्रत्येक ठिकाणी डोकी मोजावीत, पाणी प्यावे आणि शेवटचा माणूस आल्यावर लगेच न निघता त्यालाही बसू द्यावे. या घाईमुळेच मागची मुले रडकुंडीला येतात.

माथ्यावर धोका अधिक आहे, कारण सपाटी दिसली की मुले पळतात, तर अनेक ठिकाणी कड्याला कठडा नाही आणि पाण्याची टाकी उघडी आहेत. विंचूकाटा ही पश्चिमेकडे गेलेली चिंचोळी सोंड मुलांना वरूनच दाखवावी. तिकडे जाण्यासाठी खडकावरून उतरावे लागते. ज्या मोठ्यांना जायचेच असेल, त्यांनी दोन तुकड्यांत आणि परतीची वेळ ठरवून जावे, म्हणजे मुलांजवळ पुरेशी माणसे राहतील. माकडे असल्यामुळे खाऊची पिशवी मुलाच्या हातात देऊ नये, आणि पोळे दिसल्यास धूर व गोंगाट दोन्ही टाळावेत.

खाण्यासाठी दशम्या, चटणी, केळी, चिक्की पुरे. पाणी मात्र मोठ्यांसाठी माणशी दोन लिटर आणि मुलांसाठी एक लिटर धरावे. जखमेवरच्या पट्ट्या, मुलांची नेहमीची औषधे आणि जादा कपड्यांचा एक जोड सोबत असावा; गरज पडल्यास रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

सकाळी आठपर्यंत चढायला सुरुवात करून उन्हाचा कडाका वाढण्याआधी उतरायला लागावे. उंच पायऱ्या उतरताना मूल भिंतीच्या बाजूला आणि मोठा माणूस त्याच्या एक पायरी खाली असावा. जेवणानंतर मुलांच्या अंगात उत्साह उरला असेल, तरच इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली भाजे लेणी पाहावीत. तिथेही पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा ज्यांची मुले गाडीत झोपली असतील त्यांनी सरळ घरचा रस्ता धरावा.